दुधनेकाठची पांढरी अळिंबी

५ ऑगस्ट १९७९, रवि.
वस्तीत सभा. सुरुवात अशी केली: "माय-बहिणींनो, विद्यापीठाचं नामांतर मागितलं म्हणून गावानं तुम्हाला खुरपणीला बोलावणं बंद केलं." मग नदीकाठच्या अळिंब्यांवर आलो. सकस अन्न, कुणाची मेहेरबानी नाही. म्हातारी गयामाय मधेच म्हणाली, "वारुळावरची खावी, मास्तर. करंजाखालची न्हाई." मी तिला अंधश्रद्धा म्हणालो. टाळ्या पडल्या.

१० ऑगस्ट, शुक्र.
वहिनीने काल दुपारी करंजाखालच्या खुडून आणल्या, एकटीनेच खाल्ल्या. दादा सेलूला कामावर. पहाटेपासून उलट्या, जुलाब. आवाज खोल गेलाय, तरी म्हणते, "भाऊजी, तुमचं भाषन पचायला लय जड हाय."

दुपारी नदीवर. आमच्या बायका अळिंबी जमिनीलगत खुडतात. बुडखा सोडतात, पुन्हा उगवावी म्हणून. मी खुरप्याने मुळासकट उकरली. बुडाशी पांढरी पिशवी, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी. लायब्ररीच्या पुस्तकातलं विषारीचं चित्र, हुबेहूब. वहिनीने खुडली तेव्हा ही मातीतच राहिली असणार.
अळिंबीची टोपी तोडून शाळेच्या पाटीवर पालथी ठेवलीय, रात्रीत तिची पूड कुठल्या रंगाची गळते ते बघायला.

११ ऑगस्ट, शनि.
पाटीवर पांढरी पूड. वारुळावरच्या अळिंबीची गुलाबी पडते म्हणे. पिशवी, देठावरचं कडं, पांढरी पूड: विषारीच्या तिन्ही खुणा जुळल्या. तरी पुस्तक परदेशातलं, नदी आपली. चुकत असेन तर...

वहिनी बरी. भाकरी थापत होती. पुस्तक म्हणतं, मधे बरं वाटतं, आतून यकृत जात असतं. तिला वाचून दाखवलं.
"काल मरायलते तवा न्हेलं न्हाई. आज भाकऱ्या करायलेय तर दवाखाना? महिन्यानं काम आलंय, भाऊजी. पल्याडच्या गावाला." गेली खुरपायला.

गयामायची माफी मागितली. "माफी ठिव तिकडं. माजं ऐकलं न्हाईस, आता त्या पुस्तकाचं तरी ऐक."

१२ ऑगस्ट, रवि.
वहिनी सकाळपासून पडून. कूस बदलताना कण्हते. डोळे पिवळे, निदान मला वाटतात. दादा आलाय. "ऊन लागलं आसंल. उद्या बघू." गावात दोन घरी बैलगाडी मागितली, दोघांनी नाही म्हटलं.

तिला धोक्यात घातलं ते मी. हे वस्तीला सांगायचं राहिलंय. पण आधी बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं: चौघं जण उठा. ती नको म्हणाली तरी बाज उचला. सेलूच्या दवाखान्यात न्यायचीय, आत्ता.