ताकाने गडाचा दरवाजा

नववा महिना, दिवस ११

गेले! तीनशे माणसं, साठ घोडी, आणि सगळ्यांत पुढे हे. दरवाज्यातून बाहेर पडताना ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही — लढाईला निघालेल्यानं वळायचं नसतंच. ठाऊक होतं तरी राग आला.

चिलखताच्या दोऱ्या मीच बांधल्या. म्हणाले, "एवढ्या आवळू नकोस गं, नदीपर्यंत तरी जिवंत जाऊ दे." मी म्हटलं, "सैल ठेवल्या तर सासूबाई मला जिवंत ठेवायच्या नाहीत." हसले. मग आवाज एकदम खाली आणून — "बाळधन्यांना सांभाळ. धन्यांनी पोर माझ्यावर सोपवलंय, मी तुझ्यावर."

बाळधनी आत्ता माझ्या शेजारी झोपलाय. तीन वर्षांचा, आईवेगळा. अख्ख्या नारुसावा घराण्याचा हा एवढासा वारस! दोन महिने झाले आमच्या या ताकाने नावाच्या गडावर आहे, कारण धन्यांचा स्वतःचा किल्ला नदीला फार जवळ आणि नदीपलीकडे किरिहाता.

चाळीस वर्षांचं वैर. माझे सासरे त्यात गेले, त्यांचे वडीलही त्यातच. आता दोन्हीकडची होती नव्हती तेवढी माणसं शिराओरी नदीवर जमताहेत. हे म्हणाले, या वेळी निकाल लागणार. ह्यांची जागा डावीकडच्या टेकडीवर.

मागे राहिलो आम्ही — म्हातारे आणि लंगडे मिळून बेचाळीस पुरुष, दोनशेच्या आसपास बायकापोरं. आणि गडाची धनीण म्हणून मी!


दिवस १२

सासूबाईंनी बायकांना बंदुकीच्या गोळ्या ओतायला बसवलंय. शिसं वितळल्याचा वास भाताला पण लागला. त्यांतली ओताने नावाची बाई सगळ्यांत भराभर ओतते. तिचे दोन्ही मुलगे ह्यांच्या पथकात.


दिवस १३

सकाळी सुरू झालं. आधी वाटलं डोंगरापलीकडे गडगडतंय, पण आभाळ तर स्वच्छ! तोकुबेई तटावर कान देऊन उभा. पासष्ट वर्षांचा आमचा हा बंदूकवाला, ह्यांना नेम धरायला यानंच शिकवलं. म्हणाला, "बाईसाहेब, पाचशे तरी बंदुका आहेत. आपल्याकडे एवढ्या नाहीत."

दुपार व्हायच्या आधीच आवाज थांबला. हळूहळू नाही — एकदम. जणू कुणी झाकण ठेवलं.

कोणीतरी ओरडलं, "जिंकलो!" दोघीचौघी टाळ्या वाजवायला लागल्या. सासूबाई गोळ्या मोजता मोजता म्हणाल्या, "हरल्यावरही असंच शांत होतं. मी ऐकलंय." टाळ्या थांबल्या.


दिवस १४

काय लिहू. हात चालत नाही. लिहिते.

सकाळी इनोसाकू आला. ह्यांच्या घोड्याची देखभाल करणारा. पायात एकच चप्पल, आणि चिखलात इतका माखलेला की त्याच्या बायकोनंही ओळखला नाही. पाणी दिलं तर भांडं हातातून पडलं. दुसरं दिलं. मग बोलला.

सगळं संपलं. अर्ध्या दिवसात! चाळीस वर्षं आणि अर्धा दिवस!

धनी पडले. त्यानं स्वतः पाहिलं — भाल्यावर शीर आणि शिरावर ते बगळ्याच्या पंखांचं शिरस्त्राण. ते काय, लांबूनही ओळखू येतं.

मी विचारलं, "आणि आमचे?" तो म्हणाला, "घोडं एकटंच परत आलं, बाईसाहेब. खोगीर रक्तानं भरलेलं. मी नदीकाठी शोधलं, खूप शोधलं…"

मी रडले नाही. सासूबाईही नाही. त्या उठल्या, आत गेल्या, हात धुतले, देवापुढे बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन राळ्याची पेज ढवळत बसले. पेज शिजून उतरवलेली होती. तरी ढवळत होते.


दिवस १५

मठातल्या भिक्षूंकडून सासूबाईंनी ह्यांच्या नावाची, मेलेल्यांची पुजतात ती लाकडी पाटी लिहून घेतली. शाई ओली असतानाच पुढे उद लावला. "बरं झालं," म्हणाल्या, "बाप गेला तसाच गेला. पाठीवर जखम नसणार." त्यांच्या आवाजात खरंच समाधान होतं! मला धक्का बसला. मग वाटलं, दुसरं काय धरणार ही बाई हातात?

आणि चौथ्या प्रहरी रोकुता आला. खांद्यात बाण मोडलेला. हा धन्यांच्या जवळच्या रांगेतला. अंगणात सगळ्यांसमोरच बोलून गेला —

"आम्ही हरलो नाही, आम्हाला विकलं! समोरून किरिहाता येत होते, ते थोपवले होते. पण डाव्या टेकडीवरचे खाली उतरले आणि आमच्यावरच पडले. आपलेच लोक!"

डाव्या टेकडीवर कोण होतं, ते अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. माना वळल्या. आधी माझ्याकडे, मग सासूबाईंकडे.

ओतानेनंच विचारलं, "टेकडीवर फक्त आपलीच माणसं होती का?" रोकुता म्हणाला, "दोन पथकं होती. एक आपलं, एक धन्यांच्या दुसऱ्या सरदाराचं, हिराओकांचं. कुठलं उतरलं ते धुरात दिसलं नाही."

सासूबाई म्हणाल्या, "हिराओका." फक्त एवढंच, आणि आत गेल्या.


दिवस १६

हे मी आजच लिहायला हवं. उद्या मी स्वतःला वेगळं काहीतरी सांगेन.

उजाडलं तेव्हा खालच्या उतारावर किरिहातांची निशाणं. तीनशे असतील. गडाला वेढा नाही, हल्ला नाही. नुसते बसलेले. भात शिजवत होते! धूर दिसत होता.

ऊन तटावर आलं तेव्हा त्यांच्यातून एक माणूस चालत पुढे आला. एकटा. पाठीवर किरिहातांचं पांढरं निशाण. डाव्या पायानं लंगडत. दरवाज्यापासून शंभर पावलांवर थांबला आणि शिरस्त्राण काढलं.

माझ्या शेजारी कुणीतरी किंचाळलं. नंतर कळलं, मीच.

"नुई!"

चारचौघांत माझं नाव! अठरा वर्षांच्या संसारात ह्यांनी माणसांसमोर मला कधी नावानं हाक मारली नाही.

"नुई, दरवाजा उघड. किरिहातांशी तह झालाय. धनी जिवंत आहेत, त्यांचाच हुकूम आहे."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई तटाच्या कडेला वाकल्या. "कोण रे तू?"

"आई, मी कागेतोमो."

"माझा कागेतोमो शिराओरीला पडला. काल त्याची पाटी पुजली मी. मेलेल्या माणसाचं तोंड लावून आलास, लाज नाही वाटत?"

"आई, बघा तरी नीट!"

"बघतेय. म्हणून तर विचारते, कोण तू?"

ओताने ओरडली, "माझी पोरं कुठायत?" तो म्हणाला, "थोरला गेला, ओताने. धाकटा आमच्यासोबत आहे. त्याला मी पाठीवर आणलं." ओताने खाली बसली. कुणीतरी म्हणालं, "गोड बोलतोय. विश्वास ठेवू नकोस."

त्यानं पत्र वर धरलं. तोकुबेईनं दोरीला टोपली बांधून खाली सोडली आणि वर ओढून घेतली. शिक्का नारुसावांचाच. अक्षर मात्र धन्यांचं नाही! मी विचारलं, "अक्षर कुणाचं?"

"लेखनिकाचं. धन्यांच्या उजव्या हाताची बोटं गेलीत."

"मग ते स्वतः का नाही आले?"

"ताप आहे. घोड्यावर बसवत नाही."

"आणि भाल्यावरचं शीर?"

"शिरस्त्राण दुसऱ्यानं घातलं होतं, धन्यांना निसटता यावं म्हणून."

"टेकडीवरून कोण उतरलं?"

"हिराओका! आम्ही नाही. आम्ही त्यांना अडवायला गेलो आणि…"

प्रत्येक प्रश्नाला उत्तर! हेच मला खुपलं. ह्यांना "जेवलात का" विचारलं तरी क्षणभर थांबायचे. आणि इथे मी विचारायचा अवकाश की उत्तर हजर. कुणीतरी पढवून पाठवलंय असं वाटलं. मेलेल्या धन्यांच्या कमरेचा शिक्का काढून घेणं काय कठीण आहे?

सासूबाई पुटपुटल्या, "त्याला हवंय काय ते विचार."

मी विचारलं. तो म्हणाला, "बाळधन्यांना घेऊन बाहेर ये, नुई. त्यांना वडिलांकडे न्यायचंय."

बाळ!

हरलेल्या घराण्याच्या वारसाचं काय करतात ते मला कुणी सांगायला नको. तीन वर्षांचा असो की तीन महिन्यांचा.

मी जागची हलले नाही. तो समजला असावा. पाठीवरचं निशाण काढून जमिनीवर टाकलं, तलवारीही काढून ठेवल्या. "मी एकटा येतो. फक्त दरवाज्यातली छोटी दिंडी उघड. समोरासमोर बोलू." आणि चालायला लागला. लंगडत, हात दोन्ही बाजूंना पसरून.

त्याच क्षणी मागे उतारावरचे तीनशे उभे राहिले. सगळे एकदम.

तोकुबेईच्या बंदुकीचा तोडा पेटलेला होता. "बाईसाहेब?"

साठ पावलं.

"बाईसाहेब, काय करू? मी याच्या हातात बंदूक दिली होती हो, सात वर्षांचा असताना…"

चाळीस. दरवाज्याच्या आतल्या बाजूला पोरी रडायला लागल्या. सासूबाईंनी डोळे मिटले होते, पण नाही म्हणाल्या नाहीत. होही म्हणाल्या नाहीत.

"गोळी झाडा," मी म्हणाले. सासूबाई नाही. मी. आवाज स्वच्छ होता माझा.

तोकुबेईचा नेम कधी चुकत नाही.

तो गुडघ्यांवर बसला. एकदा वर बघितलं. रागानं नाही. आश्चर्यानं. मग आडवा झाला.


दिवस १७

तीनशे जण कालच मागे हटले. हल्ला केलाच नाही! आधी चौघे पुढे आले, हात वर करून. आम्ही झाडलं नाही. त्यांनी त्याच्या अंगावर एक चांगला रेशमी अंगरखा पांघरला, फळी आणली, उचलून नेलं. त्यातला एकजण वाकून नमस्कार करून गेला. गडाला नाही — त्याला.

फितुराला कुणी असं नेतं का?

गडावरचे सगळे माझ्यापुढे वाकतात. इनोसाकूची बायको पाया पडली. म्हणाली, "असं काळीज आमचं नाही हो." माझ्याही काळजाचा पत्ता नाही. सकाळी मुळ्याचं लोणचं खाल्लं, चव लागली. मला चव लागली!

ओताने बोलत नाही. गोळ्या ओतायला बोलावलं तर आली नाही.

तोकुबेईनं बंदूक साफ करून माझ्या दारात ठेवली. पुन्हा हात लावणार नाही म्हणतो.


दिवस १८

सासूबाईंनी नावाची पाटी उचलून आत ठेवली होती. आज परत बाहेर मांडली. मी विचारलं, "आता कशाला?"

"आता तर मेला ना," म्हणाल्या.

आणि मग त्या ओरडल्या. शब्द नव्हते. एवढ्याशा देहातून असा आवाज! बाळधनी घाबरून माझ्या कुशीत शिरला. मी त्याचे कान झाकले. माझे कोण झाकणार?


दिवस १९

दुपारी पालखी आली. सोबत फक्त आठ भोई, आणि त्यांतल्या एकाच्या खांद्याला धरून चालत आलेला, डोक्याला फडकं बांधलेला ओतानेचा धाकटा.

पालखीचा पडदा बाजूला झाला. तोकुबेईनं वरून चेहरा पाहिला आणि तटावरच गुडघे टेकले.

धनी. जिवंत. उजवा हात मनगटापर्यंत गुंडाळलेला, अंग तापानं फणफणलेलं.

दरवाजा मीच उघडला. बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. ते बराच वेळ त्याच्या केसांत तोंड घालून बसले. मी जमिनीवर कपाळ टेकून होते. शिक्षा सांगतील याची वाट बघत.

त्यांनी शिक्षा सांगितली नाही. एवढंच म्हणाले —

"मी दुसऱ्याला धाडणार होतो, वहिनी. तोच ऐकेना. म्हणाला, मी जातो — तिथे नुई आहे, तिथून माझ्यावर गोळी यायची नाही."