मी मेले न्हाई, शवासनात हुते

ती. केसरअक्कास, तुजी धाकटी साळू सोनईहून जितेपनी नमस्कार करते. गुडघा कसा हाय? इकडं सगळी खुशाल हायेत, मला धरून. कागद टाकू नको, वाच. फोन केला की किंचाळून ठेवतीस, म्हनून लिहिते. अक्षर बघ, भुताचं यापेक्षा बरं असंल.

डॉक्टर म्हनला, बाई, तुमचं डोकं लई तापतं, योग करा. शाळेत अश्विनी शिकवती (मास्तरची सून, अंगानं वाळली काडी). वाकनं-बिकनं मला जमलं न्हाई, पर शेवटचं शवासन जमलं. उतानं पडायचं, अंग सोडायचं, काय बी आवाज आला तरी हलायचं न्हाई. जन्मात पयल्यांदा कुनी निस्तं पडून राहा म्हनलं, मग काय!

मागल्या आठवड्यात घरीच ओट्यावर पडले. माश्या लई, म्हनून तोंडावरून मालकांचं धोतर घेतलं. शेजारची बायडाबाई ताक मागाय आली. सून निकिता आतून वरडली, आत्या शवासनात हायेत, हात लावू नका, आन मिक्सर लावून बसली. बायडाबाईच्या कानात (एकच चालतो) निस्तं शव गेलं. तिनं हेल काढला, "माज्या साळूऽ, तोंडाची फाटकी पर काळजाची साय गंऽ!" मी हलले न्हाई. एक तर अश्विनीची ताकीद, दुसरं (तुला म्हनून सांगते) इतकं गोड माझ्याबद्दल कुनी बोललंच न्हवतं. म्हनलं, बोल बाई अजून. तवर मालक डेअरीतून आले, आन धोतर उचलून बघायच्या आदी तुला फोन लावला! (तरी आवाज कापत हुता, ते मी ऐकलं.) मग सवाष्ण गेली म्हनून बायडाबाई माजा मळवट भराय बसली. कुंकू नाकात गेलं, आन मी शिंकून उठले. बायडाबाई तुळशीवरून उडाली, चप्पल अजून हितंच हाय. मी कपाळ पुसत बसले, तर वाटंतून तुजा फोन. मी "कोन, अक्का?" म्हनले, तर तू राहुरीतून जीप माघारी वळवलीस.

पर डोकं थंड हाय बघ. झोप लागती.

तुजी साळू (श्वास चालू)

ता. क. मालकांनी योग बंद असं फर्मान काढलं हुतं. काल बघते तर माझ्या शेजारी चटई टाकून पडलेले. घोरत्यात, म्हनून त्यांच्यावर रडाय कोन येनार न्हाई.

आनखी ता. क. आई गेल्यापासून तुला सोनईला यायला सवड न्हवती. कधी गुडघा, कधी म्हस. मी मेले म्हनल्यावर मात्र जीप करून निघालीस. तवा आता जित्या बहिनीसाठी यष्टीनं ये. न्हाई आलीस तर परत धोतर घेते तोंडावर.