डावीकडची सीट

४ मार्च

झालं! रॉडनीला वेड लागलं. रिटायर होऊन पाच महिने झाले, तोवर बरा होता. आज नाश्त्याला टोस्टवर मार्मलेड फासता फासता म्हणाला, "हिलरी, मी गाडी घेणार आहे. दोन सीटची. उघडी."

उघडी! श्रॉपशरमध्ये! वर्षाकाठी अकरा दिवस ऊन पडतं, त्यातले चार आपण सर्दीने झोपून असतो.

म्हटलं, आहे ती गाडी? "ती राहील. ही जुनीच घ्यायची. स्वस्तातली. पण छप्पर उघडणारी." वय सदुसष्ट! उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात. ह्याच्या गुडघ्याला डॉक्टरचा पट्टा आहे. जमिनीला टेकलेल्या त्या गाडीत हा बसणार कसा? आणि बसलाच तर उठणार कसा?

५ मार्च

टॅम्सिनला फोन केला. हसून हसून बेजार झाली. "आई, लोकांचे बाप ह्या वयात तरुण बायका शोधतात. तू स्वस्तात सुटलीस." मुलगी माझीच, शंका नको.

९ मार्च

वहीला खरं सांगायला हरकत नाही. माझ्या पोटात दुखतंय ते वेगळ्याच कारणाने.

दोन सीट. म्हणजे एक त्याची आणि एक डावीकडची, माझी. १९९१ साली मी ह्याची नवीकोरी गाडी आमच्या फाटकाच्या खांबाला घासली. तेव्हापासून ती सीट मला आंदण मिळाली आहे. परवाना आहे, हातपाय धड आहेत. पण कधीमधी गाडी हाती आलीच, तर हा शेजारी बसून प्रत्येक गिअरला दातांतून श्वास ओढतो. स्स्स्! दाढ उपटत असल्यासारखा! चौतीस वर्षं ऐकलं. आता चालवणंच सोडून दिलंय. आता उघडी गाडी म्हणजे तोच अपमान, फक्त वाऱ्यात.

जेवताना विचारलंच, "मला चालवायला देशील?"

"बघू."

"बघू" म्हणजे नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एवढी भाषा कळते.

मला काय हवंय? एकदा, फक्त एकदा, उजवीकडे बसून, छप्पर उघडून, वेल्सच्या समुद्रापर्यंत गाडी न्यायची. आणि ह्याने शेजारी गप्प बसायचं. माणसाने ह्याहून कमी काय मागावं!

२२ मार्च

पहिली गाडी पाहिली. लालभडक. मालक हातभर गोंदलेला, शपथेवर बोलणारा. "मॅडम, माझ्या आजीपेक्षा जास्त जपलीय हिला!" आजी जिवंत आहे का विचारणार होते.

निघण्याआधी मी सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला होता. दरवर्षीच्या तपासणीत काय काय निघालं ते सगळं तिथे दिसतं, जन्मकुंडलीच! एका वर्षी: डावी बाजू खालून गंजलेली. पुढच्या वर्षी: डावी बाजू फार गंजलेली. त्याच्या पुढच्या वर्षी तपासणाऱ्याने डाव्या बाजूचा नादच सोडलेला. हे सगळं मी मोठ्याने वाचायचं आणि साहेबांनी ऐकायचं. "तूच वाच गं, चष्मा वर राहिला." वर्षात तीन चष्मे केले आणि तिन्ही वर!

तरी रॉडनी गेला. आणि गाडी बघायची सोडून तिच्यावरून हात फिरवत बसला! दरवाज्याखालच्या पट्टीवर तळवा ठेवून, डोळे मिटून. घोडा घ्यायला आल्यासारखा. मी खिशातलं लोहचुंबक काढणार (फ्रिजवरचं, समुद्राकाठी घेतलेलं), तेवढ्यात हा म्हणाला, "इथे पुट्टी भरलीय. आणि इथे. इथे तर नुसती पुट्टीच आहे." चुंबक लावून पाहिलं. तीन ठिकाणी घसरून खाली पडलं!

गोंदलेला घड्याळ बघायला लागला. मग रॉडनी त्याला काय म्हणाला? "सॉरी." फसवणार तो, माफी मागणार हा! आम्हा इंग्रजांना कुणी विहिरीत ढकललं तरी आम्ही बुडता बुडता "तुमच्या वाटेत आलो, माफ करा" म्हणू.

६ एप्रिल

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहायला हवा. रॉडनीने गाडी खांबाला घासली! त्याच खांबाला! भर दुपारी, लख्ख उजेडात!

मी खिडकीतून पाहिलं. आवाज ऐकून जिवाला जो गारवा मिळाला तो सांगता येत नाही. धावत बाहेर गेले आणि दातांतून एक लांबलचक श्वास ओढला. स्स्स्! चौतीस वर्षांचं उट्टं.

तो हसला नाही. चिडलाही नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. म्हटलं, "खांब सरकला का रे?" तर म्हणाला, "हो गं. सरकला असेल."

मानी माणूस. एका खांबाचं केवढं दुःख!

२४ एप्रिल

खांबाने भलतंच मनावर घेतलंय. गाडीला हात लावत नाही. म्हणे पाठ दुखते. दर गुरुवारी बसने हेरफर्डला जातो, एकटाच. का? तर "गाड्यांची चौकशी". उघडी गाडी घ्यायला निघालेला बाबा पेन्शनरांच्या फुकट पासावर, चाकाच्या पिशव्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यांत बसून जातो! टॅम्सिनला सांगितलं तर म्हणाली, "बाई नाही ना गं?" बाई असती तर निदान शर्टला इस्त्री केली असती त्याने.

८ मे

पुन्हा गुरुवार. परतला तो पार गळून. "मिळाली का गाडी?" "नाही." चहा ओतला तो अर्धा बशीत. बरं केलं, माझ्या आजीची पद्धत परत आणली!

१७ मे

घेतली! पण कशी घेतली ते लिहूनच झोपणार.

जाहिरात टॅम्सिनने शोधली. चर्चमागच्या गल्लीत, बावीस मैलांवर. बसने गेलो. म्हणे, "येताना दोन गाड्या कोण आणणार?" हे मात्र बरोबर होतं, म्हणून मी भांडले नाही.

मालक मिस्टर ऑर्मरॉड, वय ब्याऐंशी, कोट-टाय. तीस वर्षं ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. रिटायर झाले, पण कागद लावायची पाटी आणि पेन्सिल सुटलेली नाही. गाडी गडद हिरवी. बायको वारल्यापासून दर रविवारी चर्चपर्यंत आणि परत. म्हणाले, "पैसे नंतर. आधी परीक्षा. माझी गाडी मी कुणाच्याही हातात देत नाही. ह्या आठवड्यात दोघांना नापास केलंय."

मला हसू आवरेना. गल्लीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली. बरोबर वीस मीटर, म्हणाले, स्वतः मोजलेत. "इथे उभं राहायचं आणि त्या टपालाच्या व्हॅनचा नंबर वाचायचा. कोण चालवणार?"

मी रॉडनीकडे पाहिलं. म्हटलं, आता ह्याची ऐट बघू. तर हा एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "ती. गाडी तिचीच आहे."

मी चाटच पडले. माझी? मग डोक्यात प्रकाश पडला. अस्सं! मला नापास करून घ्यायचंय होय! त्या चिडीने मी नंबर असा वाचला की व्हॅनवाल्यानेही मान वर केली. मग उजवीकडे बसले, म्हातारबा डावीकडे, मांडीवर पाटी. चर्चपर्यंत आणि परत. दुसऱ्या गिअरला करकर झाली, एकदाच. म्हातारबांनी श्वास ओढला नाही! नुसतं म्हणाले, "तो जरा हट्टी आहे, मॅडम. माझी बायको त्याला गोंजारायची." इतक्या वर्षांनी शेजारी एक माणूस बसला होता!

परत आलो तर रॉडनी फाटकाशी उभा, हसून जोरजोरात हात हलवतोय. टपालाच्या व्हॅनला! आम्ही दहा हातांवर. त्याच्या शेजारी जाऊन हॉर्न वाजवला तेव्हा दचकला. एवढं काय तोंड फिरवायचं, बायको पास झाली म्हणून!

मग म्हातारबा चहाला आत घेऊन गेले आणि इथे आमचं पानिपत झालं. निघताना ठरलं होतं: साइटवर दिसलं की दरवाज्याखालच्या पट्टीला गंज लागायला सुरुवात झालीय, तेवढे चारशे पौंड कमी करून मागायचे. पण ज्याच्या घरचा चहा प्यायलात त्याच्याशी घासाघीस करणारा माणूस अजून ह्या देशात जन्माला यायचाय. त्यात म्हातारबांनी स्वतः केलेला, मधे जाम भरलेला केक! दुसरा तुकडा घेतला आणि मी समजले, चारशे गेले. रॉडनीने पूर्ण किंमत दिली आणि वर "सॉरी" म्हणाला. कशाबद्दल, देव जाणे.

येताना मीच चालवली. "परीक्षा तू दिलीस, नियम म्हणजे नियम," म्हणाला. पाऊस होता, छप्पर बंद. त्याने दोनदा श्वास ओढला. मोजलंय मी.

२९ मे

कागदांवर मालक म्हणून माझं नाव घालतोय. विमा स्वस्त पडतो म्हणे. चिक्कू!

७ जून

तीन आठवडे झाले, गाडी गॅरेजमध्ये. हा चालवत नाही! पाठ! रोज चहानंतर जाऊन तिच्यात बसतो, डावीकडे, छप्पर उघडून. गॅरेजमध्ये! आणि मला म्हणतो, "चल ना, समुद्रावर नेतेस?"

नेतेस! म्हणजे मी चालवायचं आणि ह्याने सत्तर मैल स्स्स् करायचं. म्हटलं, "तुझं खेळणं आहे, तूच खेळ."

१२ जून

आज पुन्हा विचारलं. ऊन पडलं होतं. "हिलरी, आज छान दिवस आहे, चल." मी टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत बसले. मुद्दाम. चौतीस वर्षं वाट पाहिली मी, त्यालाही बघू दे थोडी.

संध्याकाळी गॅरेजचा दिवा लावायला गेले तर हा गाडीच्या पुढच्या भागावर तळवा ठेवून उभा. "हिरवी आहे ना गं?" म्हणाला. म्हटलं, "नाही, जांभळी." हसला.

१९ जून

त्याच्या नावाचं पत्र आलं. "वाचून दाखव गं, अक्षर फार बारीक आहे."

अक्षर बारीक नव्हतं. गाडी चालवण्याचा परवाना रद्द केल्याचं होतं. त्यानेच कळवलं होतं, खांबाच्या दुसऱ्याच दिवशी. गुरुवारी तो डोळ्यांच्या इस्पितळात जात होता. नजरेतलं मधलं गेलंय, फक्त कडेकडेचं दिसतं, तेही जाईल कदाचित. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे का बघायचा ते आज कळलं.

"समुद्र मोठा असतो," म्हणाला. "तो कडेनेही दिसेल. यंदा."

मी किल्ली घेतली. छप्पर उघडलं. फाटकाचा खांब सांभाळून बाहेर काढली आणि दुसऱ्या गिअरला हीऽ करकर झाली. मी वाट पाहिली.

तो गप्प बसला होता.