पंचाहत्तर की एकशे ऐंशी

गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

दुपारी ४ वाजून १० मिनिटे. वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने तक्ता आखत होतो. कंपनीची सुट्टी. खोलीतला जोडीदार बुद्धभूषण – आमचा भूषण – खाटेवर पालथा पडून घोरतोय.

मॉनिटर काल गेला. जुना, सेकंदहँड, पण सेकंदाला १४४ चित्रं दाखवायचा. आता नवा घ्यायचा, अर्धे पैसे त्याचे, अर्धे माझे. कॉम्प्युटरही असाच घेतला होता.

दोन निवडलेत. एक २७ इंची, २५६० गुणिले १४४०. एकदम बारीक आणि स्वच्छ, पण सेकंदाला चित्रं फक्त ७५. दुसरा २४ इंची, साधा १९२० गुणिले १०८०, पण सेकंदाला १८०! किंमत जवळजवळ सारखी.

मला पहिला हवाय. मी शहर बांधायचा गेम खेळतो. घरांच्या खिडक्या दिसाव्यात, दुकानांच्या पाट्या वाचता याव्यात, एवढंच. भूषणचा गेम गोळीबाराचा. तिथे ज्याला आधी दिसलं तो जगला.

झोपायच्या आधी म्हणाला, "तू बघ नव्या, तुला बारीक वाचायची सवय. फक्त वेगाचा घे. बाकी कसाबी असू दे."

तक्त्यात स्पष्टतेला वीसपैकी गुण ठेवलेत आणि वेगाला दहापैकी. का, ते मला माहीत आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

घेतला. २७ इंची. १४,६०० रुपये.

भूषणची दुसरी पाळी, तो चाकणला कंपनीत. चहाच्या सुट्टीत त्याचाच फोन आला. "तोच ना, वेगाचा?"

"हो."

एवढंच बोललो. एक अक्षर!

दुकानदार म्हणाला खोका जपून ठेवा, वॉरंटी आहे. चपलांचासुद्धा खोका जपणारा मी – येताना चिखलीतल्या भंगारवाल्याकडे टाकून आलो. खोक्यावर ७५ मोठ्या आकड्यांत छापलं होतं.

रविवार, १० ऑगस्ट

खिडक्या दिसतात. खिडक्यांचे पडदेसुद्धा!

गुरुवार, १४ ऑगस्ट

भूषण दुपारभर खेळला आणि दुपारभर मेला. ओंकार – आमच्या घरमालकांचा मुलगा, खाली राहतो, याच्याच संघात खेळतो – स्पीकरवरून ओरडत होता.

"आरं आजोबा, काठी आणून देऊ का?"

"थांब की भावा. स्क्रीन नवा हाय, हात बसायचाय."

"स्क्रीन नवा हाय, पर माणूस जुना झालाय त्याचं काय?"

भूषण हसला. मग माझ्याकडे वळला. "नव्या, घट्ट घट्ट वाटायलंय रे. समोरचा दिसतो तवर मी खल्लास."

"सवय होईल," मी म्हणालो. आवाज अगदी नेहमीसारखा आला. याचंच जास्त वाईट वाटतंय.

गुरुवार, २८ ऑगस्ट

ओंकारने त्याला रविवारच्या सामन्यातून काढलं. "राग मानू नको राव, पर तू आमाला घिऊन बुडतोस."

मी भाजी चिरत होतो. बटाट्याच्या फोडी नको तितक्या सारख्या केल्या.

मंगळवार, २ सप्टेंबर

भूषण बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून उजवा हात बुडवून बसला होता. पंधरा मिनिटं. नंतर बाम लावला. खोलीभर वास.

"हातच मंद झालाय माझा," म्हणाला. कुणावर राग नाही, तक्रार नाही.

तुझा हात चांगला आहे. तुझा हात चांगला आहे. मनात दहा वेळा म्हटलं. तोंडाने एकदाही नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

भूषण पॉवर प्रेसवर आहे. पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने पेडल दाबायचं, की वरून प्रेस आदळतो. दिवसाला दोन हजार वेळा. मी त्याच कंपनीत, तपासणीच्या टेबलावर. त्याने केलेले भाग गेजने मोजतो.

आज जेवताना म्हणाला, "गेममधी मेलो तर पुन्हा उठतो. प्रेसवर तसं नसतंय. हात मंद झालाय म्हणून उद्या रणजीत सायबाला सांगतो."

रणजीत साहेब आमचे सुपरवायझर. मी घास गिळला आणि ठरवलं – सकाळी उठल्या उठल्या सगळं सांगायचं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सांगितलं नाही. बस आली. बसमध्ये तो पुढच्या सीटवर बसला, मी मागच्या. रिकामी जागा त्याच्या शेजारीही होती.

साहेबांनी त्याला पॅकिंगला टाकलं. प्रेसचा भत्ता गेला, महिन्याला १,८०० रुपये. गावाकडे तो तेवढेच पाठवतो.

सोमवार, १५ सप्टेंबर

रणजीत साहेबांनी बोलावलं. "नवनाथ, प्रेसवर येतोस का? अठराशे वाढतील."

"माझंच नाव कसं, साहेब?"

"अरे, भूषणनेच सुचवलं. म्हणाला, त्याच्यासारखा नेमका माणूस कंपनीत नाही."

विचार करून सांगतो म्हणालो. टेबलावर परत आलो आणि एकच भाग तीनदा मोजला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सांगितलं! सगळं. तक्ता दाखवला. फोनवरचा "हो", भंगारातला खोका.

भूषणने शांतपणे ऐकलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली.

"मला बरं वाटावं म्हणून बोलायलास व्हय?"

"नाही रे! खरंच ७५ चा आहे. सेटिंगमध्ये बघ."

"तू अन् चुकीचा आणशील? खानावळीच्या फळ्यावरचं ‘पीठले’ खोडून ‘पिठले’ करणारा माणूस तू! गप ऱ्हा. प्रेसवर जा, भत्ता घे. मला वाईट वाटत नाही."

बघायलाही उठला नाही. माफ केलं असतं तर परवडलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर अजून बरं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

२४ इंची घेतला. १८० चा. हप्त्यांवर. बोलून पटत नाही तर दाखवून पटेल. खोका ओंकारच्या घरी ठेवलाय.

बुधवार, २४ सप्टेंबर

रणजीत साहेबांनाही सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले. "गेमवरून हात मंद ठरवला? आणि तू बघत बसलास? धन्य आहात दोघं!" प्रेससाठी मी नको, त्यालाच परत घ्या, हात जोडले. शेवटी म्हणाले, "शुक्रवारी सकाळी बसव त्याला."

महिनाभरानंतर आज पोटभर जेवलो.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सकाळीच मॉनिटर लावला. जुन्याचा आकडा दाखवला – ७५, मग नव्याचा – १८०. भूषणने खोका फिरवून छापलेला आकडाही वाचला. "म्हंजे तू खरं बोलत होतास."

"हो."

"मी पाणी गरम करायचो तवा बघत होतास?"

"हो."

त्याने हेडफोन लावला, खेळायला बसला. खाली ओंकार ओरडला, "आलं आजोबा, वाट सोडा!"

पहिल्या मिनिटात मेला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चित्र पाण्यासारखं पळत होतं. हात नाही.

मी त्याला उठवलं. पडदा हिरवा झाला की बटण दाबायचं, अशी एक चाचणी असते. वीस वेळा घेतली, वहीत सरासरी काढली. माझा हात २७० मिलिसेकंद. त्याचा डावा २८०. उजवा ४३०.

परत घेतली. ४४०.

"माउस बदलू," मी म्हणालो. माउस बदलला. तेच.

उद्या सकाळी सहाच्या बसने याला प्रेसवर न्यायचं मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

बस सोडली. संत तुकाराम नगरच्या हॉस्पिटलात गेलो. मनगटात नस दबली आहे, आजची नाही, निदान वर्षभराची. डॉक्टर म्हणाले, प्रेसच्या जवळही जायचं नाही. दोन बोटं तर बधिरच होती. मी स्वतःची चूक मोजत बसलो, त्याचा हात एकदाही हातात घेऊन बघितला नाही.

खर्च : पहिल्या मॉनिटरचा माझा वाटा ७,३००. दुसऱ्याचे भरलेले ४,२००. रिक्षा, केसपेपर, नसांची तपासणी मिळून १,३४०.

देणे : मॉनिटरचे हप्ते, सहा, एकूण १०,०००. भूषणचे ७,३००. त्याच्या गावाकडे पाठवायचे दर महिन्याचे १,८००, किती महिने ते अजून माहीत नाही.