भिंतीबाहेरचे पाइप

चिंचवड, ८ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप धोंडीबामामांस,

भीमराजचा सविनय जयभीम. आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं आणि मामींच्या खोकल्याचं कसं आहे ते कळवा.

तुम्ही उभं आयुष्य गवंडीकाम केलंत, म्हणून तुम्हालाच लिहितो. आमच्या सोसायटीची इमारत उभी राहत होती तेव्हा सेक्रेटरी म्हणून मी दोन गोष्टी भांडून करून घेतल्या. जिन्याच्या भिंतींना खांद्यापर्यंत शहाबादी फरशी, कारण इथली माणसं शिफ्ट सुटली की ऑइलचे हात भिंतीला पुसतच वर चढतात (मीही चढतो). आणि पाण्याचे सगळे पाइप भिंतीबाहेर. कंपनीत चौदा वर्षं मेन्टेनन्सला काढल्यावर एवढं कळलंय, की जे दिसतं तेच वेळेवर दुरुस्त होतं. तेव्हापासून लोक जिन्याला मुतारी म्हणतात. मी ऐकून घेतो, कारण तीन वर्षांत त्याला चुन्याचा एक हात द्यावा लागलेला नाही.

आता शेजारच्या सुमनताईंच्या भिंतीला ओल आली आहे. त्यांच्या मते दोष बाहेरच्या पाइपांचा. ‘‘भाऊ, आतडी आत असतात म्हणून माणूस बरा दिसतो,’’ असं त्या चारचौघांत म्हणाल्या. मी म्हटलं, ‘‘ताई, ती बाहेर असती तर डॉक्टरला पोट फाडावं लागलं नसतं.’’ मग गॅरेजवाल्या मीरासाहेबांना शिडी धरायला लावून मी एकेका जोडावरून कोरडं फडकं फिरवलं. फडकं कोरडंच राहिलं. (मीरासाहेब म्हणाले, ‘‘राव, फडकं मत देत न्हाई.’’) रविवारी दहाला सभा आहे. पाइप भिंतीत गाडायचे आणि मला काढायचं, असे दोन ठराव आहेत. दुसरा खुशाल होऊ दे. पहिला मी होऊ देणार नाही.

आपला,
भीमराज

ता. क. शनिवारी सकाळी माणसं फर्स्ट शिफ्टला गेली की या. छिन्नी-हातोडा धान्याच्या पिशवीत आणा. कंपनीने दहा वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेलं घड्याळ माझ्या घरात जिथे लावायचं होतं, नेमका तिथेच एक पाइप येत होता. तेवढा मी आत घेतला होता. त्या भिंतीपलीकडे सुमनताई राहतात.

ता. क. २. तुमची सून कस्तुरा हिने पत्र वाचलं. ती म्हणते, चोरून कशाला? अख्ख्या इमारतीत एकच पाइप गळला, आणि तोच तेवढा लपवलेला होता. तेव्हा वरचा मजकूर रद्द. रविवारी दहाला या, पिशवी नको, सगळ्यांसमोर माझी भिंत फोडा. घड्याळाचं मात्र मी बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.