वहीतली सात माणसं

पळसदेव, ता. ४ फेब्रुवारी १९९६

चि. प्रियदर्शनीस,
आबाचे आशीर्वाद आणि जयभीम. इकडं समदी खुशाल.

पत्रास कारण, संक्रांतीला तू विसरलेली तुझी गोष्टीची वही घावली. जग बुडालं, सातच माणसं उरली, अन् त्यातली सारजा इंजिनाच्या खोलीत एकटी ऱ्हाती! लगीन कर म्हणून सहाजण मागं लागलेत, ती न्हायच म्हणती. इंदापूरच्या कारकुनाचं स्थळ तुला कळवलं त्याच महिन्यात हे कसं सुचलं? अन् त्यातला सर्जेराव मास्तर कोण? बारामतीत हाय का? लपवू नगं.

तुझा,
आबा

बारामती, ता. ९ फेब्रुवारी १९९६

ती. आबांस,
सविनय जयभीम. तुमचं पत्र वाचून हसले, मग रडले.

मास्तर कुठंच नाही, शपथ. इथल्या वाचनालयात अशा कादंबऱ्या आहेत. जग कसं संपलं ते दोन ओळींत उरकतात, पुढं नुसती उरलेली माणसं. भाकरी कोण वाटून खातं, कोण लपवतं. मानपान, पाव्हणे, लोक काय म्हणतील, सगळं गेल्यावर माणूस आत कसा आहे ते दिसतं. एकदा धरलं की सुटत नाही.

पण तुमचा संशय निम्मा खरा आहे. सारजाला नाही म्हणता येतं. मला आलं नाही. तुम्ही स्थळ कळवलंत आबा, विचारलं नाहीत.

आईला सांभाळा. लोभ आहेच, तो राहू द्यावा.
तुमची,
प्रियदर्शनी

पळसदेव, ता. १७ फेब्रुवारी १९९६

चि. प्रियदर्शनीस,
आशीर्वाद. वही परत पहिल्यापासनं वाचली. सारजा घर सोडताना दाराची कडी उपसून घेती. धरणाचं पाणी जुन्या गावात आलं तवा माझ्या आईनं हेच केलं हुतं. मी कुणापाशी बोललो न्हाय. तुला कुणी सांगितलं?

त्या पानाला वही मिटली अन् इंदापूरची येष्टी धरली. पाव्हण्यांना म्हणलं, पोरीला इचारायचं राहून गेलं हुतं, माझी चूक. ते म्हणाले, बारामतीत कुणीतरी असंल, बघा. मी म्हणलं, बघितलं, न्हाय. अन् उठलो.

तुझी आई चार दिस माझ्याशी बोलंना. मग मी वही तिच्यापुढं मोठ्यानं वाचाय लागलो. ती माझ्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसली. काल मधीच थांबलो, तर वळली न्हाय, नुसतं म्हणाली, पुढं?

अभ्यास कर. माया हाय तशीच हाय.
तुझा,
आबा