परवाचा प्रयोग

शनिवार, ३ तारीख. सकाळी ९.
आजपासून नवा माणूस. लेकीचा फोन आला. नऊ वर्षांची आहे, आईबरोबर मामाकडे राहते. तात्पुरती. (चौदा महिने झाले.) शहरात नवं संगीत नाटक आलंय, परीकथेचं. राजकन्या, चेटकीण आणि सात बेडक्या. त्यातली सहावी बेडकी आमची! एक ओळ एकटीने गाते. दर शनिवारी पाच वाजता प्रयोग. बायकोचा निरोप: एकदा तरी कबूल केल्याप्रमाणे ये, पूर्ण नाटक बघ, मग घरी परत यायचं बोलू. एवढंच? हा तर माझ्या डाव्या हातचा मळ.

संध्याकाळी ७.
गेलो नाही. पहिल्याच प्रयोगाला धावायला मी काय उतावळा नवरा आहे? नाटक जरा मुरू द्यावं.

शनिवार, १०.
न्हाव्याला म्हटलं, थोडे बारीक करा. त्याने 'थोडे' ऐकलंच नाही. आरशात सोललेला बटाटा. हे डोकं घेऊन गेलो असतो तर पोरीला मैत्रिणींसमोर मान खाली घालावी लागली असती. केवळ तिच्यासाठी गेलो नाही. फोनवर 'बरं' म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

शनिवार, १७. दुपारी २.
आज नक्की. बस आगाराचं वेळापत्रक मी लावतो. दोनशे बारा गाड्या माझ्या कागदावर सुटतात, मग एक माणूस सुटणार नाही? शर्टाला इस्त्री झाली. दहा मिनिटं पाठ टेकतो.

पावणेआठ.
गजर वाजला नाही. वाजला असेल तर फार हळू वाजला.

सोमवार, १९.
आणखी किती प्रयोग आहेत, विचारायला फोन केला. मेहुण्याने उचलला. 'शेवटचा प्रयोग परवा' एवढंच म्हणाला आणि आपटला. हा माणूस क्रियापदसुद्धा खर्च करत नाही. परवा म्हणजे बुधवार! नाटक इतकं चाललंय की मधल्या वारीही लावलंय. थांबलो तेच बरं झालं. रजेचा अर्ज टाकला. कारण: कौटुंबिक यश. साहेबांनी दोनदा वाचला.

मंगळवार, २०.
सराव म्हणून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर सलग दोन तास बसलो. म्हणजे सव्वा तास. दोन जादा उशांना ऊन दाखवलं. लेकीसाठी टूथब्रश आणला, बेडकीच्या रंगाचा. उद्या रात्री या घरात तीन माणसं जेवतील.

बुधवार, २१. सव्वाचार.
पाऊण तास आधी पोचलो! जन्मात पहिल्यांदा. नाट्यगृहाच्या दाराशी चिटपाखरू नाही. लोकांना वेळेची किंमतच नाही. आत एक सुतार राजवाड्याच्या भिंतीशी खटपट करत होता. म्हटलं, अजून सेट लावताय? म्हणाला, लावत नाही, काढतोय. नाटक शनिवारीच संपलं. मी त्याला समजावलं की घरचा माणूस स्वतः 'परवा' म्हणालाय. त्याने विचारलं, कधी म्हणाले? म्हटलं, सोमवारी. त्याने बोटांवर मोजलं. पुढे नाही, मागे. रविवार, शनिवार. मग हातोडी खाली ठेवली आणि मला बसायला राजाची खुर्ची दिली.

पाच वाजून दहा.
अजून खुर्चीतच. फोन केला, लेकीने उचलला. पहिलाच प्रश्न: बाबा, शनिवारी आला होतास? 'नाही' म्हणायला दोनच अक्षरं लागतात. मी 'हो' म्हणालो. मागे बसलो होतो, दिव्यांमुळे तुला दिसलो नसेन. सगळ्यात काय आवडलं, तिने विचारलं. म्हटलं, तुझी ओळ. काय आवाज लावलास! शेजारचे लोक विचारत होते, ही कुणाची मुलगी? माझी मलाच लाज वाटत होती, पण तोंड थांबेना.

लेक हळूच म्हणाली, शनिवारी माझा घसा बसला होता. ती ओळ दुसऱ्या बेडकीने गायली.

मग तिनेच वाट काढली. म्हणाली, आईला सांगत नाही मी.